रंगाईचे पाणी : जबाबदारी शेवाळावर ढकलू नका

हौदात शेवाळ सोडा, रंगाचे पाणी आपोआप साफ होईल, असे आपल्या धंद्यात अधूनमधून ऐकू येते. यात तथ्य किती, हे आम्हा व्यापाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

तथ्य जरूर आहे. शेवाळाच्या पेशींच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात विरघळलेले तांबे, शिसे, जस्त त्याला चिकटते. वाळवलेले, मेलेले शेवाळसुद्धा हे काम करते. जिवंत शेवाळ त्यातील काही भाग हळूहळू पेशीच्या आतही घेते. क्लोरेलासारखे बारीक शेवाळ काही अझो रंगांचे विघटनदेखील करते. अल्लाहच्या कुदरतीची ही करामतच आहे.

परंतु पाणी गडद रंगाचे असेल तर आत ऊन पोहोचत नाही आणि शेवाळ वाढत नाही. धरलेला धातू नाहीसाही होत नाही. शेवाळ वेळेवर काढले नाही तर ते कुजते आणि धातू पुन्हा पाण्यात उतरतो. काढलेले शेवाळ उघड्यावर फेकले तर जमीन नासते. शिवाय रंग पक्का बसण्यासाठी रंगाईत जे मीठ पडते, ते शेवाळाने जात नाही. तिरुपूरला नोय्यल नदी अशाच पाण्याने खारट झाली, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. कारागिरांचा रोजगार गेला.

आपले भिवंडी-मालेगावचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोत्र्यापर्यंत जाते. कापड रंगून परत येते, पाणी मात्र तिथल्या बांडी आणि लूणी नदीच्या वाट्याला येते. आम्ही मीटरमागे पाच-दहा पैशांसाठी घासाघीस करतो. मग रंगाईवाला काटकसर कुठे करणार? पाणी साफ करण्यातच! त्या गुन्ह्यात आमचाही हिस्सा आहे.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याचे पाणी नासवून मिळवलेला नफा आम्ही कोणत्या तोंडाने हलाल म्हणायचा?

तेव्हा बंधूंनो, माल देण्यापूर्वी पाणी कुठे सोडता, हे विचारा. लहान कारखानदारांनी एकत्र येऊन सामुदायिक प्रक्रिया केंद्र चालवावे आणि शेवाळाचा हौद त्याच्या शेवटच्या टप्प्यावर ठेवावा. त्यासाठी दोन पैसे जास्त मागितले, तर ते आम्ही खुशीने द्यावेत.