‘ईझी रायडर’ची मोटारसायकल: श्रेयनामावलीत नसलेले दोन कारागीर

‘ईझी रायडर’ (१९६९) ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनीही त्यातील ‘कॅप्टन अमेरिका’ ही मोटारसायकल कुठल्यातरी पोस्टरवर पाहिलेली असते. पुढे लांबवर झेपावलेला फोर्क, झगमगते क्रोम, अमेरिकी ध्वजाच्या रंगांतील टाकी आणि वर बसलेला पीटर फोंडा. पण ती घडवली कोणी? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत याचे उत्तर नाही.

उत्तर आहे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी. दोघेही कृष्णवर्णीय. हार्डी हे लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतले निष्णात मेकॅनिक. व्हॉज हे नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेले कार्यकर्ते व छायाचित्रकार.

या गाड्या मुळात पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या, अवजड हार्ले-डेव्हिडसन. ‘चॉप’ म्हणजे तोडणे. चॉपर हे नाव त्यातूनच आले. आधी अनावश्यक ते सारे उतरवायचे: पुढचे मडगार्ड गेले, ‘कॅप्टन अमेरिका’चा तर पुढचा ब्रेकही गेला. मग सांगाड्याची मान कापून तिचा कोन वाढवायचा, ती पुन्हा वेल्ड करायची आणि लांब फोर्क बसवायचा. दोन चाकांमधील अंतर वाढते. सरळ महामार्गावर गाडी स्थिर धावते, मात्र अरुंद वळणावर चालकाची परीक्षा पाहते. क्रोम आणि रंग यांची पाळी त्यानंतरची.

म्हणूनच याला निव्वळ सजावट म्हणणे अन्यायाचे आहे. मान किती अंशांनी कलवायची हा निर्णय चुकला, तर चालकाच्या जिवावर बेतते. असा निर्णय घेणारा माणूस त्या वस्तूचा कर्ताच ठरतो. तरीही कल्पनेचे श्रेय वर्षानुवर्षे फोंडा यांच्याकडेच जात राहिले. पडद्यावर त्या गाड्यांवर बसलेले सारे गोरे. आणि ज्या ध्वजाखाली समान हक्कांसाठी व्हॉज लढत होते, तोच ध्वज त्या टाकीवर!

चित्रपटासाठी चार गाड्या बनल्या. एक चित्रीकरणात मोडली, उरलेल्या तीन प्रदर्शनापूर्वीच चोरीला गेल्या. २०१४ मध्ये ‘मूळ कॅप्टन अमेरिका’ म्हणून एक गाडी लिलावात साडेतेरा लाख डॉलरना पुकारली गेली, तेव्हा तिच्या अस्सलपणावरून वाद पेटला. सुटे भाग मूळचे की नंतरचे, याची कसून छाननी झाली. तेवढीच छाननी श्रेयाची व्हायला हवी होती, पण तिला फार उशीर झाला. हार्डी १९९४ मध्ये वारले, व्हॉज २०१६ मध्ये. या गाडीची प्रतिकृती जिथे मांडली जाईल, तिथल्या फलकावर या दोघांची नावे फोंडा यांच्या नावाआधी यायला हवीत.