घरांतील चित्रगृह

नवें घर बांधतांना एक खोली केवळ चित्रपट पाहण्यासाठीं राखून ठेवावी, अशी हौस हल्लीं आमच्या मुरुडसारख्या गांवींही दिसूं लागली आहे. हिला नुसती चैन म्हणून नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांपैकीं नव्हे. चांगलें चित्र व चांगला स्वर यांची आवड असणें हा कांहीं दोष नाहीं. मात्र यंत्रें आधीं विकत आणावयाचीं व खोलीचा विचार मागाहून करावयाचा, ही रीत आम्हांस सर्वस्वी उलटी वाटते.

इ. स. 1895 सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत शब्द इतके घुमत कीं, वक्त्याचें बोलणें समजेना. तो दोष काढण्याचें काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यांनीं जवळच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या आणून त्या खोलींत हळूहळू वाढवीत नेल्या आणि प्रत्येक वेळीं स्वर विरण्यास लागणारा काळ मोजला. गाद्या वाढतील तसा घुमारा कमी होतो, हें त्यांतून सिद्ध झालें. आमच्याकडील शहाबादी फरशी, सिमेंटचा गिलावा व वरचा स्लॅब हीं तिन्ही स्वर परत फेंकणारीं आहेत. अशा खोलींत कितीही मोलाचा स्पीकर ठेवला तरी तो बिचारा काय करील? खालीं जाड सतरंजी, मागील भिंतीपासून वीतभर पुढें टांगलेली आजीची वाकळ आणि बाजूस पुस्तकांनीं भरलेलें कपाट, एवढ्यानें जें साधेल तें महागड्या यंत्रानें साधणार नाहीं.

दुसरी गोष्ट मापाची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली यासाठीं वाईट. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें 343 मीटर जातो. त्या हिशेबानें अशा खोलींत सेकंदास सुमारें 56 कंपनांचा खर्ज तिन्ही दिशांनीं एकदमच बळावतो व बाकीच्या स्वरांवर कुरघोडी करतो. म्हणून लांबी, रुंदी व उंची समान नसाव्या. एकमेकींच्या पटींतही नसाव्या. पडद्याच्या रुंदीच्या सुमारें दीडपट अंतरावर बैठक ठेवावी. पडद्याभोंवतालची भिंत गडद व बिनचकाकीची असावी. विजेसाठीं स्वतंत्र तार व अर्थिंग घ्यावें.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ध्वनि बाहेर जाऊं नये म्हणून भिंत जितकी वजनदार तितकी बरी, हा नियम शास्त्रदृष्ट्या खरा आहे. परंतु आम्ही लातूर जिल्ह्याचे लोक आहोंत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचें ओझें निजलेल्या माणसांवर कोसळलें आणि हजारों जीव गेले. शेजाऱ्याची झोंप मोडूं नये म्हणून स्वतःच्या डोक्यावर दगड रचणें हें शहाणपण नव्हे. जाणत्या अभियंत्यास विचारल्यावांचून जुन्या भिंतीवर नवें ओझें चढवूं नये. खिडकी कायमची चिणूं नये. जाड पडद्यानेंही अंधार होतो, आणि वैशाखांत वारा लागतोच. ध्वनि अडविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तर प्रत्येकाच्या हातांत आहे, तो म्हणजे आवाज कमी करणें.

आतां पालकांस एक प्रश्न. ज्या घरांत मुलीस अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाहीं, त्या घरांत चित्रपटाला स्वतंत्र खोली शोभेल काय? अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचा अभिमान आपण सारेच मिरवितों. मग पलीकडच्या भिंतीला टेंकून कोणी गणितें सोडवीत आहे, याचें भान आधीं नको काय? आमचें मत असें कीं, खोली करावी, परंतु ती एकट्या चित्रपटाची करूं नये. दिवसां ती अभ्यासाची असावी, सायंकाळीं गाण्याची अथवा मोठ्यानें वाचनाची, आणि आठवड्यांतून एखाद्या रात्रीं चित्रपटाची. स्वर स्वच्छ ऐकूं येणारी खोली या तिन्ही कामांस सारखीच उपयोगी पडते.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 1892 च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दीपचित्रांचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या योगें पडद्यावर पडत, आणि मुलांनीं वडिलांस या उद्योगांत साथ दिली. खेळ पाहणारें घर व खेळ उभें करणारें घर यांतील अंतर त्यावरून कळतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं अशी खोली होईल तेव्हां टेप घेऊन मापें तुम्हीच घ्या, टाळी वाजवून घुमारा तुम्हीच ऐका. पहिल्या खेळास शेजारच्या आजोबांना पुढची जागा द्या. दार लावून एकट्यानें पाहिलेला खेळ लवकर विसरतो. दहा जणांनीं मिळून पाहिलेल्या खेळाची आठवण पुष्कळ दिवस पुरते.