डोक्यातला नकाशा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला. नाशिककरांचं माप ठरलेलं : दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं? त्या दिवशी ते कमरेच्या वर गेलं. शाळा लवकर सोडली.

चौथीतल्या एका मुलाला न्यायला त्याची आजी आली. घर पंचवटीत, शाळा सराफ बाजाराजवळ. आजी आली तेव्हा रामसेतू पूल चालू होता, निघेपर्यंत बंद झाला. आजी घाबरली. ‘‘बाई, मला तर तेवढीच वाट ठाऊक हो!’’ मी मूळची निफाडची, मीही गोंधळले. मुलगा मात्र जरा थांबला, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आजी, रविवार कारंज्यावर जाऊ. तिथून होळकर पूल, मग मालेगाव स्टँड.’’

मी सोबत गेले. आजी सुखरूप घरी पोचली. मी विचारलं, ‘‘या वाटेने कधी आला होतास का रे?’’

‘‘नाही बाई. वह्या घ्यायला कारंज्यापर्यंत जातो. आणि पप्पांबरोबर पुलावरून दूध घालायला जातो. दोन्ही जोडलं!’’

हे जोडण्याचं काम कोण करतं? मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, समुद्रघोड्याच्या आकाराचा ‘हिपोकॅम्पस’ नावाचा भाग असतो. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये गमतीदार पेशी सापडल्या. उंदीर एका कोपऱ्यात गेला की एक पेशी जागी होते, दुसरीकडे गेला की दुसरी. जणू प्रत्येक जागेची वेगळी घंटा! २००५ साली नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात आणखी पेशी सापडल्या. त्या जमिनीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी आखतात. त्यामुळे अंतराचा अंदाज येतो. या तिघांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आणखी एक गंमत. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थांबतो, एकदा या वाटेकडे बघतो, एकदा त्या. तेव्हा पाय जागेवरच असतात, पण मेंदूत पुढच्या वाटेच्या पेशी ओळीने जाग्या होतात. म्हणजे तो आधी मनातल्या मनात जाऊन येतो आणि मग ठरवतो. आठवलं ना, आपला दोस्तही असाच थांबला होता!

आता आई-बाबांना एक विनंती. रिक्षाने घर ते शाळा आणि मोबाईल सांगेल तसं वळायचं, एवढ्यानं हा नकाशा तयार होत नाही. लंडनचे टॅक्सीवाले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करतात. त्यांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० साली दिसून आलं. तेव्हा रविवारी मुलांचा हात धरून चालत निघा. वाट त्यांना दाखवू द्या. चुकली तर चुकू द्या, तुम्ही आहातच की सोबत.

करून पाहा : न बघता घर ते शाळा नकाशा काढा. देऊळ, पिंपळ, दुकान अशा पाच खुणा दाखवा. मग लाल पेन्सिलीने दुसरी वाट आखा. मोठ्यांबरोबर चालून ती बरोबर आहे का ते तपासा. पुराच्या पाण्याजवळ मात्र मुळीच जायचं नाही हं!

तुमच्या बाई