अभ्यासाचे तास कुणाचे?

लग्नानंतर, नोकरी सांभाळून शिकणारं एखादं माणूस आता आपल्यापैकी बऱ्याच घरांत असतं. कुणी एमबीए करतं, कुणी बीएड. आमच्या घरात सध्या बायको शिकते आहे. म्हणून या वेळी वेळेबद्दलच बोलू.

मी पडलो इंजिनीअर, त्यामुळे आधी हिशेब. आठवड्याचे तास 168. रोज सात तास झोप धरली तर 49 गेले. ऑफिसचे 45. मलकपेठहून हायटेक सिटीला जाण्यायेण्यात रोजचे दोन, म्हणजे 10. आंघोळ, जेवण, स्वयंपाक, बाजार यांचे 21. उरले 43.

आता खर्चाची बाजू. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा विषय झाला 120 तासांचा. सहा महिन्यांत असे चार विषय घेतले तर 480 तास, म्हणजे आठवड्याला साधारण साडेअठरा.

43 मधून साडेअठरा सहज निघतील असं वाटतं. पण ते 43 तास सलग नसतात. मुलांचा गृहपाठ, सासूबाईंची औषधं, अचानक आलेले पाहुणे यांत त्यांचे तुकडे होतात. म्हणून कामंही तुकड्यांप्रमाणे वाटावीत. आमची वाटणी अशी: मेट्रोत, अमीरपेठला गाडी बदलण्याचा वेळ सोडून, रोज एक तास नोट्सची उजळणी. पहाटे साडेपाच ते सात नवा धडा. शनिवार-रविवारी सकाळी सलग तीन-तीन तास असाइनमेंट. पाच, साडेसात आणि सहा, झाले साडेअठरा.

खरी अडचण इथून पुढे आहे. पहाटे साडेपाच ते सात याच वेळात दूध तापतं, कणीक मळली जाते, डबे भरले जातात. ती पुस्तक घेऊन बसली तर हे कोण करणार? वेळापत्रक एकट्या विद्यार्थ्याचं असूच शकत नाही. त्याचा प्रत्येक तास घरातलं दुसरं कुणीतरी भरून काढत असतं. म्हणून परीक्षेपर्यंत डबे माझ्याकडे आहेत. याला मी ‘मदत’ म्हणत नाही. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं, आणि भाजी संपली हे लक्षात ठेवणंही तिच्याकडेच राहतं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. मुलगा अभ्यासाला बसला की घर हळू आवाजात बोलतं. सून बसली की दहा मिनिटांत हाक येते, “अगं, हिंगाची डबी कुठे ठेवलीस?” यात कुणाचा वाईट हेतू नसतो, सवय असते. पण अशा चार हाकांत तो धडा हातचा जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच, प्रेमाने सांगून ठेवावं.

शेवटी कालनिर्णय. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबरच्या आधी गणपती, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. जूनच्या आधी संक्रांतीची हळदीकुंकवं आणि सुट्टीत येणारी भाचरं. प्रवेश घेतला त्याच दिवशी दोघांनी बसून कुठल्या लग्नाला जायचं आणि कुठे नुसता आहेर पाठवायचा हे ठरवावं. तरीही तास जमत नसतील तर एक विषय पुढच्या सत्रात टाकावा. मुक्त विद्यापीठ किमान मुदतीपेक्षा जास्त वर्षं देतं, ती अशाच संसारी विद्यार्थ्यांसाठी. पदवी वर्षभर उशिरा आली तर काही बिघडत नाही; झोप आणि बोलणं बंद झालं तर मात्र बिघडतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर “कसा गं वेळ काढतेस?” असं कौतुक जरूर करा. पण त्याआधी तिच्या हातातलं एक काम स्वतःकडे घ्या.