ऑपरेशननंतर वजन किती उतरते? आधी हिशेब मांडा



खताच्या गोणीचा आणि बियाण्याच्या पिशवीचा हिशेब आपण या सदरात नेहमीच मांडतो. आज माणसाच्या वजनाचा हिशेब मांडायचा आहे. त्याला कारणही तसेच आहे. हल्ली शेतीशाळेत पिकाचे बोलणे संपले की एखादा शेतकरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, लठ्ठपणाच्या ऑपरेशनने वजन खरेच उतरते का?" परवा एका बापाने विचारले, ते असे. मुलगी २४ वर्षांची, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०५ किलो. रक्तातली साखर वाढलेली. शहरातल्या डॉक्टरांनी पोट लहान करण्याचे ऑपरेशन सुचवले आहे. खर्च काही लाखांचा. अर्धा एकर गहाण टाकायची बापाची तयारी आहे. त्याचा प्रश्न एवढाच, "वर्षात पोरगी ५५ किलोवर येईल ना? पुढच्या वैशाखात लग्न उरकायचे आहे."

मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. ऑपरेशन करावे की करू नये, हे तपासणी करून डॉक्टरच सांगतील. पण अपेक्षा किती धरावी, हा हिशेब चौथी शिकलेल्यालाही समजेल असा आहे. जमीन गहाण टाकण्याआधी तो समजून घेतलेला बरा.

ऑपरेशनात होते काय?

हे ऑपरेशन म्हणजे पोटावरची चरबी कापून काढणे नव्हे. बदल जठरात होतो. आज दोन प्रकार जास्त चालतात. पहिला 'स्लीव्ह', म्हणजे बाही. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. भूक लावणारा एक स्राव मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतो, म्हणून भूकही कमी लागते. दुसरा 'बायपास'. यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पाटाचे पाणी मधले वाफे सोडून पुढच्या वाफ्यात काढावे, तसेच हे. दोन्ही ऑपरेशने आता बहुधा दुर्बिणीतून होतात.

ही विद्या फार नवी नाही. अमेरिकेतला आयोवा हा मक्याचा आणि वराहपालनाचा मुलूख. तिथल्या विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी बायपास सुरू केला. पोटातल्या व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचे वजन उतरते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणजे अनुभव साठ वर्षांचा आहे, आणि त्या अनुभवातून आकडेही हाती आले आहेत.

'साठ टक्के' म्हणजे कशाचे साठ टक्के?

घोटाळा होतो तो इथे. दवाखान्यात सांगतात, "साठ टक्के वजन उतरते." बाप मनात १०५ चे ६० टक्के काढतो. ते होतात ६३ किलो. म्हणजे मुलगी ४२ किलोची होणार! असे होत नाही. डॉक्टरांचे साठ टक्के असतात *जादा* वजनाचे. एकूण विक्री आणि निव्वळ नफा यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

आपण हिशेब करू. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की जो आकडा येतो, त्याला डॉक्टर बी.एम.आय. म्हणतात. १०५ ला १.५५ ने दोनदा भागले की सुमारे ४४ येतात. आपल्या भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या आत असावा. १५५ सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे साधारण ५५ किलो. म्हणजे जादा वजन ५० किलो. त्याचे ६० टक्के झाले ३० किलो. १०५ मधून ३० गेले, उरले ७५.

दुसऱ्या वाटेने पाहा. स्लीव्हनंतर एक-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरते, बायपासमध्ये थोडे अधिक. १०५ चे २५ ते ३० टक्के म्हणजे २६ ते ३१ किलो. दोन्ही वाटांनी मुलगी ७४ ते ७९ च्या आसपास येते, ५५ वर नव्हे. कोणाचे जास्त उतरते, कोणाचे कमी. एकाच वाणाचे उत्पन्न दोन रानांत सारखे येत नाही, हे तुम्हाला काय सांगावे?

कधी उतरते, कधी थांबते?

उतार सारख्या गतीने नसतो. पहिल्या तीन महिन्यांत काटा भराभर खाली येतो. सहा महिन्यांपर्यंत मोठा वाटा उतरून होतो. पुढे गती मंदावते आणि वर्ष-दीड वर्षात वजन थांबते. मध्ये, बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यातच, काटा आठ-पंधरा दिवस एका जागी अडतो. त्या वेळी घरच्यांनी "पैसे पाण्यात गेले" असे बोलू नये. ते अडणे नेहमीचे आहे.

आता न सांगितली जाणारी बाजू. थांबलेले वजन पुढच्या वर्षांत थोडे परत चढते. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. त्यात ऑपरेशन झालेले २,०१० लोक होते आणि नेहमीच्या उपचारावरचे २,०३७. बायपासवाल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरले होते, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावले. स्लीव्ह त्या पाहणीत नव्हते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० मधुमेही रुग्णांची पाहणी केली. तिचे पाच वर्षांचे निकाल २०१७ साली आले. बायपासवाल्यांचे वजन २३ टक्के, स्लीव्हवाल्यांचे १९ टक्के आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांचे ५ टक्के कमी होते.

आपल्या मुलीला हेच प्रमाण लावले तर पाच वर्षांनी ती ८० ते ८५ किलोच्या घरात असेल. मनात ५५ धरलेल्या घराला ही नापिकी वाटेल. पण हिशेब आधी मांडलेल्या घराला दिसेल की पोरीच्या गुडघ्यांवरून वीस-पंचवीस किलोचे ओझे उतरले. अर्ध्या गोणी सिमेंटएवढे!

नफा काट्यावर मोजू नका

खरा नफा काट्याबाहेर आहे. साखर आणि रक्तदाब उतरतात, पुष्कळांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंदही होतात. झोपेत श्वास अडणे कमी होते, गुडघे हलके होतात, पाळी नियमित होते. स्वीडनच्या त्या पाहणीत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूही कमी झाले. मात्र मधुमेह जुना असेल आणि इन्शुलिन चालू असेल, तर साखर पूर्ण आटोक्यात येण्याची आशा कमी धरावी.

म्हणून त्या बापाला मी सांगितले, ऑपरेशन पोरीच्या साखरेसाठी आणि श्वासासाठी करायचे असेल तर जरूर विचार करा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी करू नका. शिवाय ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी दिवस राहू द्यायचे नसतात, असे डॉक्टर सांगतात. वजन झपाट्याने उतरत असताना आई आणि बाळ दोघांचेही पोषण कमी पडते. तेव्हा वैशाखातले लग्न आणि लगेच पाळणा, हे गणित जुळत नाही.

ऑपरेशननंतरची मेहनत

बोअरला पाणी लागले म्हणजे बागायत झाली असे नाही. पुढे मेहनत असतेच. इथेही तसेच.

१. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ आहार. पुढे सगळे खाता येते, पण घास लहान आणि चावून चावून. पाणी जेवताना नव्हे, अर्ध्या तासाच्या अंतराने.

२. रोज ६० ग्रॅम तरी प्रथिने हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. ताटात आधी अंडे, उसळ, दही, भाकरी-भात नंतर. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खाते. ऑपरेशन झालेल्या बाईला हे चालणार नाही. तिचे ताट वेळेवर आणि आधी वाढले गेले पाहिजे. हे काम सासूचे आणि नवऱ्याचेही आहे.

३. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, रक्ततपासणीही ठरल्या वेळी करावी लागते. "आता बरे आहे" म्हणून गोळ्या सोडल्या तर पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात. हा दरमहाचा खर्च हिशेबात आधीच धरा.

४. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुधा पुन्हा येतात. कातडी लोंबते, ती पुरती आवळत नाही. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात.

५. बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत, जोडावर व्रण होतो. गूळ-साखर एकदम खाल्ली तर घाम आणि चक्कर येते. तंबाखू आणि दारू दोन्ही वर्ज्य.

६. वांती थांबत नसेल, पोटात जोराची कळ, ताप किंवा धाप असेल, तर रात्र काढू नका, ऑपरेशन केलेला दवाखाना गाठा. चांगल्या ठिकाणी जिवावर बेतण्याचे प्रमाण हजारात एखादे असते, पण ते शून्य नाही.

पैसे भरण्याआधी विचारा

सर्जनना हे प्रश्न सरळ विचारा. माझे वजन किलोत किती उतरेल? दीड वर्षाने किती असेल, पाच वर्षांनी किती? स्लीव्ह का, बायपास का? पुढच्या तपासण्यांचा खर्च किती? "पन्नास किलो हमखास" असे कोणी सांगितले, तर हमखास दुप्पट उत्पन्नाचे बियाणे विकणाऱ्याला जसे ओळखता, तसे ओळखा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतल्या अटी वाचून घ्या. बी.एम.आय. ४० च्या वर, किंवा गंभीर आजारासह ३५ च्या वर असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील, तर खर्च मिळू शकतो. जमिनीचा कागद त्यानंतर बाहेर काढा.

सध्या आठवड्याला टोचायची इंजेक्शनेही आली आहेत. त्यांनीही वजन उतरते, पण बंद केली की बरेचसे परत येते. तेही डॉक्टरांना विचारूनच.

थोडक्यात, धडाच्या वजनाचा चौथा हिस्सा उतरेल, दीड वर्ष लागेल, थोडे परत येईल, गोळ्या जन्मभर राहतील. एवढे मान्य असेल आणि आजार खरोखर मोठा असेल, तर सौदा तोट्याचा नाही. हा आकडा आज रात्री जेवणानंतर घरात सगळ्यांसमोर बोला, आणि जिचे ऑपरेशन आहे तिला आधी बोलू द्या.