नव्या पदाची पात्रता आणि जव्हार-मोखाडा

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत गेली दोन-तीन वर्षे एक पद वारंवार दिसते : उद्योगसंस्थांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घडविणारा ज्येष्ठ प्रॉडक्ट मॅनेजर. हा गृहस्थ स्वतः आज्ञावली लिहीत नाही. काय बनवायचे, कोणासाठी, आणि यंत्राची कोणती चूक खपवून घ्यायची नाही, हे तो ठरवितो. त्याच्याकडे पदवी आणि अनुभव मागतात; ज्यांच्यासाठी साधन बनवायचे त्यांच्या अंगणात तो कधी उभा राहिला आहे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आता कंपन्यांपुरता राहिलेला नाही. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण संमत करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारे ‘महाविस्तार’ही त्याच वर्षी आले. तेव्हा हे पद, नाव काहीही असो, सरकारी कामात शिरणारच.

निवड चुकली म्हणजे काय होते, हे अंगणवाडी सेविकांना ठाऊक आहे. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ त्यांच्या हाती आले ते इंग्रजी घेऊन. महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत करून निषेध नोंदविला. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळखही सक्तीची झाली. जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, आणि भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. बालमृत्यूंमुळे १९९२ साली वावर-वांगणीचे नाव देशभर गेले, तो हाच मुलूख. येथे पोषणाची नोंद हा निव्वळ कागदी उपचार नव्हे.

नव्या यंत्राचा धोका याहून निराळा आहे. जुने यंत्र अडले की बंद पडे, आणि ते अडले हे निदान कळे तरी. हे यंत्र अडत नाही; माहीत नसले तरी अस्खलित उत्तर देते. नागली-वरई पिकविणाऱ्याने वारलीमिश्रित बोलीत प्रश्न केला आणि यंत्राने भलताच अर्थ घेतला, तरी उत्तर शुद्ध मराठीतच येईल. केंद्र सरकारच्या ‘आदिवाणी’ची सुरुवात २०२५ मध्ये संथाली, भिली, मुंडारी व गोंडी या भाषांनी झाली, त्यांत वारली नव्हती.

मग मुलाखतीत विचारावे काय? सेविकांनी आणि शेतकऱ्यांनी खरोखर विचारलेले वीस प्रश्न उमेदवारापुढे ठेवावेत आणि यांपैकी कोणत्या प्रश्नांना यंत्राने गप्प राहून माणसाकडे बोट दाखवावे, एवढेच विचारावे. निवड मंडळावर एक सेविका असावी. सरकारी वेतनावर असा तज्ज्ञ मिळणार नाही, हा आक्षेप खरा. परंतु बाहेरून तज्ज्ञ आणण्यातही आरक्षणाचा प्रश्न येतो. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची तशी जाहिरात दिली आणि तीनच दिवसांत ती मागे घेतली. इकडे पेसा क्षेत्रातील रखडलेल्या भरतीसाठी त्याच वर्षी आदिवासी आमदारांना मंत्रालयाच्या जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या!

घरी वारली आणि वर्गात मराठी बोलणारी, महाविद्यालयात शिकलेली मुले या तालुक्यांत आहेत. यंत्राची उत्तरे तपासण्याचे काम त्यांना पगार देऊन सोपवावे, आणि त्यांनी चूक ठरविलेले उत्तर दुरुस्त होईपर्यंत ती सेवा बंद राहील, ही अट त्या ज्येष्ठ व्यवस्थापकाच्या नेमणूकपत्रातच घालता येईल.