रिंगा मोजता, मग हजेरी कोण घेणार?

कॅन्टीनमधला कटिंग गार होईपर्यंत चालणारा हा वाद तुम्हीही घातला असेल. जॉर्डन की लेब्रॉन? एक जण म्हणतो, 'सहा फायनल, सहा रिंगा, विषय संपला.' दुसरा म्हणतो, 'चाळीस हजार पॉइंट्स आहेत भावा, आधी कुणी केले होते का?' तिसरा कोबेचं नाव काढून भावुक होतो. आणि चौथा, ज्यानं जन्मात एक मॅच पूर्ण पाहिलेली नाही, तो करीच्या रील्स दाखवत सगळ्यांना येड्यात काढतो.

मला या वादाचा अजिबात कंटाळा नाही. उलट मीच बऱ्याचदा काडी टाकतो. पण हा वाद दर वेळी रिंगांवर येऊन का थांबतो, हे मला कळत नाही. रिंगाच मोजायच्या तर बिल रसेलकडे ११ आहेत, तेही १३ सीझनमध्ये. त्याचं नाव आपल्यातले किती जण घेतात? बरं, रॉबर्ट हॉरीकडे ७ आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. हॉरी मोक्याच्या क्षणी थ्री मारण्यात उस्ताद होता, मान्य. पण त्याला जॉर्डनच्या वर बसवणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणजे रिंगा आपण सोयीनं मोजतो. आपला हिरो पुढे असेल तेव्हाच.

आता एक घरचा किस्सा. एनबीएच्या मॅच आपल्याकडे पहाटेपासून सकाळपर्यंत असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. एकदा मी साडेपाचचा अलार्म लावून उठलो. आईला वाटलं, पोरगं अभ्यासाला उठलं. बिचारीनं आलं घालून चहा करून दिला. मॅच लावली तर ज्याच्यासाठी झोप मोडली तो भारीतला कोट घालून बेंचवर बसलेला, हसतोय. दुखापत वगैरे काही नाही, 'रेस्ट'. यालाच लोड मॅनेजमेंट म्हणतात.

माझी फक्त झोप गेली. पण तिथे तिकीट काढून बसलेल्यांचं काय? पूर्वेकडच्या शहरात पश्चिमेची एखादी टीम सीझनमध्ये एकदाच येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांनी मायामीविरुद्धच्या मॅचआधी डंकन, पार्कर आणि जिनोबिली यांना, सोबत डॅनी ग्रीनलाही, सरळ घरी पाठवून दिलं. लीगनं स्पर्सना अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. ज्या पोरानं डंकनला बघायला तिकीट काढलं असेल, त्याला त्यातला एक डॉलरही मिळाला नसणार.

शेवटी २०२३-२४ पासून लीगनं नियमच केला. ८२ पैकी किमान ६५ मॅच खेळलात तरच एमव्हीपीसारख्या मोठ्या अवॉर्डसाठी विचार होणार. हिशेब केला तर ७९ टक्के होतात. म्हणजे एमव्हीपीची अट आपल्या ७५ टक्के अटेंडन्सपेक्षा कडक! डिफॉल्टर लिस्ट तिकडेही लागते, हे वाचून मला भलताच आनंद झाला होता.

तो फार टिकला नाही. त्याच सीझनमध्ये जोएल एम्बीड मॅचमागे जवळपास ३५ पॉइंट्स करत होता. गुडघा कुरकुरत होता, एक मॅच सोडली तर लोकांनी 'घाबरला' म्हणून धुतला. मग जानेवारीअखेर तो वॉरियर्सविरुद्ध उतरला आणि त्याच मॅचमध्ये गुडघा कामातून गेला. रेग्युलर सीझनमध्ये त्याच्या खात्यावर फक्त ३९ मॅच लागल्या. हजेरीसाठी ताप अंगावर काढून लेक्चरला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग चूक कुणाची? थोडी लीगची आहेच. ८२ मॅचचं वेळापत्रक १९६७-६८ पासून चालत आलंय. त्यात काटछाट केली तर तिकिटं कमी, टीव्हीवरच्या मॅच कमी. ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा टीव्ही करार झाल्यावर कात्री कोण लावेल? पण थोडी चूक आपलीही आहे, आणि माझा मुद्दा हाच आहे. वर्षभर आपण एकच शिकवतो, रिंग नाही तर काहीच नाही. मग खेळाडूनं नोव्हेंबरातल्या मंगळवारी जीव का काढावा? कवाय लेनर्ड २०१८-१९ मध्ये टोरांटोसाठी ८२ पैकी ६० मॅच खेळला आणि जूनमध्ये रिंग घेऊन आला. त्याच्या चुकलेल्या २२ मॅचबद्दल आज कुणी बोलतं का? आपण ज्याला मार्क देतो, तेवढाच अभ्यास ते करतात. आपणही परीक्षेला तेच करतो की.

म्हणून मी हल्ली दोन सीझन पुढे करतो. पहिला जॉर्डनचा २००२-०३ चा. त्याच्या चाहत्यांना हा विझार्ड्सवाला जॉर्डन आठवायलाही नको असतो. टीम प्लेऑफमध्येसुद्धा गेली नाही. पण त्या फेब्रुवारीत तो चाळीसचा झाला आणि तरी ८२ च्या ८२ मॅच खेळला. आदल्या वर्षी त्याच गुडघ्यांनी त्याला ६० मॅचवर थांबवलं होतं. पूर्ण ८२ खेळण्याची ही त्याची नववी वेळ. दुसरा लेब्रॉनचा २०१७-१८ चा. वय ३३, पंधरावा सीझन आणि तोवर न जमलेली गोष्ट त्यानं केली, सगळ्या ८२ मॅच खेळला. वर टीमला फायनलपर्यंत ओढत नेलं. तिथे वॉरियर्सनी ४-० नं चोपलं, आणि जॉर्डनवाले आजही तेच ४-० तोंडावर मारतात. रिंग एकाही सीझनची नाही, म्हणून वादात दोन्ही शून्य.

माझ्यासाठी दोघांचे हेच सीझन सगळ्यात भारी. आणि हो, हजेरीत जॉर्डन पुढे आहे. मी लेब्रॉनवाला असून हे लिहितोय, तेव्हा कॅन्टीनमध्ये माझी किती काशी होणार आहे ते मला माहितीये.

(उद्या पुन्हा साडेपाचचा अलार्म लावलाय. आईला अजून काही सांगितलेलं नाही.)